पेटी मुरेपर्यंत

सोमवार, २

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. पेटीचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ लिहायचा, असा हुकूम आहे. आकड्याला दोन अक्षरं लागतात आणि पान हे एवढं मोठं, तेव्हा उरलेल्या जागेत मी माझं डोकं रिकामं करणार. बोलायला कुणी नाही अशातला भाग नाही. घरी बायको आहे, पण तिचं उत्तर ठरलेलं असतं, "मग गाळा घ्या ना!" कारखान्यात दादा आहे, पण दादाशी बोलणं बंद आहे.

पेटी म्हणजे सिगार ठेवायची पेटी. बाहेरून अक्रोड, आतून सेडर या सुगंधी लाकडाचं पातळ अस्तर. अस्तराची कड पेटीच्या वर बोटभर आलेली, तिच्यावर मागे बिजागऱ्या असलेलं झाकण टोपीसारखं बसतं. बाई डोळ्यांच्या डॉक्टर, आता निवृत्त. बायको त्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसायची, तिथली ओळख. दर रविवारी दुपारी बाई गॅलरीत बसून एक सिगार ओढतात आणि शेजाऱ्यांनी नाकं मुरडली की त्यांना नमस्कार करतात. सध्या चाळीस सिगार बिस्किटाच्या डब्यात पडून वाळत चालल्या आहेत.

नव्या पेटीत सिगार लगेच ठेवता येत नाहीत. कोरडं लाकूड तहानलेलं असतं, ते सिगारमधलीच ओल पिऊन टाकतं. म्हणून आधी पंधरा दिवस आत पाण्याची वाटी ठेवून पेटी मुरवायची. आतली ओल मोजणाऱ्या मीटरचा काटा सत्तरावर गेला आणि तिथेच राहिला, की पेटी तयार. बाई सतरा तारखेला डबा घेऊन येणार आहेत.

पेटी पसंत पडली तर त्यांच्या ओळखीच्या आणखी सहा जणांना अशीच हवी आहे. सहा पेट्या म्हणजे माझं स्वतःचं काम. म्हणजे गाळा. म्हणजे दादापासून वेगळं होणं. लिहिलं एकदाचं.

मंगळवार, ३

आज काट्याची परीक्षा घेतली. बाटलीच्या बुचात मीठ, मिठात दोन थेंब पाणी, ते बूच आणि मीटर एका बंद पिशवीत. मिठाच्या शेजारी काटा पंच्याहत्तर दाखवायलाच हवा. माझा एक्काहत्तर दाखवतो. म्हणजे दर वेळी चार मिळवायचे. बायकोने पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "मिठाला सर्दी झाली का?"

पाणी बॅटरीच्या दुकानातून आणलं, डिस्टिल्ड. नळाच्या पाण्याने बुरशी धरते. वाटी ठेवली, झाकण लावलं. आकडा: ५१.

झाकण लावताना दादाने मान वर केली आणि लगेच खाली घातली. आमची टेबलं समोरासमोर आहेत, मधे सहा पावलं. अडीच महिन्यांपूर्वी याच सहा पावलांमधे आमचं भांडण झालं. मी केलेलं कपाट न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. दादाने येऊन माझा एक खण ओढला, उलटा केला, बोट फिरवलं, आणि गिऱ्हाइकासमोर रंधा उचलून दोन हात मारले. "आता बघा," म्हणाला. गिऱ्हाईक म्हणालं, "वा! अनुभव तो अनुभव." मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस गेल्यावर मी दादाला सांगितलं, यापुढे माझ्या कामाला हात लावायचा नाही. तो "बरं" म्हणाला. त्याच्यानंतर कामापुरतंसुद्धा बोललेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की एक तरी वस्तू अशी असावी जिच्यात फक्त माझा हात आहे. हे काय फार झालं?

गुरुवार, ५

५६. संध्याकाळी ५५. खाली कसा येतो? मी दिवसभरात किती वेळा झाकण उघडलं ते मोजलं नाही. बायको म्हणाली, "मी मोजू का उद्या सुट्टी काढून?"

दादाने आपलं स्टूल फिरवून घेतलं आहे. आता त्याची पाठ माझ्याकडे असते. पेटी दिसणंही नको त्याला. राग धरावा, पण किती? बारा वर्षांनी मोठा आहे, बाप गेल्यावर त्यानेच मला कामाला उभं केलं, हे मी कधी नाकारलं नाही. म्हणून काय जन्मभर त्याच्या बोटाखाली राहायचं?

शुक्रवार, ६

५७. बाईंना फोन केला.

"उघडताय ना सारखी?" हॅलोसुद्धा न म्हणता.

"नाही हो. एखाद-दुसऱ्या वेळी."

"मी चाळीस वर्षं लोकांना डोळ्यावरची पट्टी उघडू नका म्हणून सांगत आले. सगळे 'नाही हो'च म्हणायचे. वाटी ठेवायची आणि विसरायचं. आणि घाई म्हणून आतून ओल्या फडक्याने पुसू नका. काही लोक पुसतात."

"छे छे."

शनिवार, ७

पुसली.

गाळेवाल्याचा निरोप आला होता, आणखी एक जण गाळा बघून गेला, लवकर काय ते कळवा. मी पेटीकडे पाहिलं, ५८. एरवी आणखी आठवडाभर थांबलो असतो, पण दिवस मोजकेच आहेत. फडकं बुडवलं, पिळलं, आतून सगळीकडे एक हात फिरवला. कडेवर दोनदा. सेडरचा असा वास सुटला की दादानेसुद्धा मागे वळून पाहिलं. पाहतच राहिला. मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "काही नाही." जाऊन एक फळी उचलली, परत ठेवली, दुसरी उचलली.

संध्याकाळी ७४! बाईंना काय, त्या डोळ्यांच्या डॉक्टर. लाकडातलं मला कळतं.

सोमवार, ९

७५. झाकण अडकतंय. कड फुगून झाकणाला चिकटली आहे, मागच्या बाजूला जास्त. दोन्ही हातांनी ओढावं तेव्हा उघडतं. बाईंच्या हातून तर उघडणारच नाही. बारका रंधा घेतला आणि कडेची चारही अंगं अलगद उतरवून घेतली. केसाएवढंच. कुरळ्या साली निघाल्या, जरा दमट, टेबलाला चिकटत होत्या.

मी पहिला हात मारला तशी दादाच्या हातातली पेन्सिल मोडली. दुसऱ्याला तो उठला. तिसऱ्याला बाहेर नळापाशी जाऊन उभा राहिला, नळ सोडून, हात धूत. मी चारही बाजू संपवून साली झाडल्या तरी तो हातच धूत होता. माझ्या रंध्याचा आवाजही त्याला सोसत नाही. मनातून फार वाईट वाटलं. मग रागही आला.

मंगळवार, १०

७२. आज झाकण असं बसतंय की बघत राहावं. सोडलं की आपल्या वजनाने हळूहळू खाली येतं, शेवटच्या बोटभर अंतरात आतली हवा अडते, आणि मग फुस्स करून बसतं. चांगल्या पेटीची खूण हीच. मी ते वीसेक वेळा केलं. दादा ऐकत होता की नाही कोण जाणे. हे माझं काम आहे, अख्खं माझं, पहिल्या खुणेपासून. मला इतका आनंद झाला की दुपारी जेवायला घरी न जाता डबा मागवला आणि तिथेच पेटीसमोर खाल्ला.

संध्याकाळी बायकोबरोबर गाळा परत पाहिला. छापखान्यामागची गल्ली, खालचा मजला, शटर, मागे एक खिडकी. बायकोने पावलांनी लांबी मोजली आणि म्हणाली, "इथे तुम्ही, तिथे लाकूड, आणि इथे मी येऊन बसणार, तुम्ही पेटी किती वेळा उघडता ते लिहायला." मग म्हणाली, "मोठे भावजी एकटे पडतील हो." मी म्हटलं, त्याला आवडेल. शांतता मिळेल.

गुरुवार, १२

६९. म्हणजे सत्तरच म्हणायचं.

शुक्रवार, १३

६६. पंखा बंद केला. दादा घामाघूम झाला पण बोलला नाही.

शनिवार, १४

६३. वाटीत पाणी घातलं, तरी ६३. मीटर परत मिठात घालून तपासला, तो ठीक आहे. झाकण आता फारच सहज पडतं, फुस्स होत नाही. हवा बदलली असेल.

आणखी एक गोष्ट. दादाची स्टीलची पट्टी आज तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर सापडली. जो माणूस आपली पट्टी सख्ख्या बापाला देत नव्हता, तो ती माझ्या टेबलावर विसरतो? तिन्ही वेळा पेटीच्या शेजारी. मी तिन्ही वेळा उचलून त्याच्या टेबलावर आपटली. मला वाटतं, मी गेल्यावर तो पेटी उघडून मोजतो. खोड जाते का! आणि उघडतो म्हणूनच आकडा पडतोय.

दुपारी चक्क बोलला. "डॉक्टरीणबाई कधी येणार?"

"मंगळवारी."

"या येत्या?"

"हो. का?"

तो माझ्यासमोर उभा होता, दोन्ही हात खिशात. दादा खिशात हात कधीच घालत नाही, त्याच्या खिशात खिळे असतात.

"आणखी काही?" मी विचारलं.

"नाही," म्हणाला आणि खिशातले हात तसेच ठेवून निघून गेला. डबा न उघडताच घरी नेला त्याने.

रविवार, १५

सुट्टी, तरी कारखान्यात जाऊन आलो. ६१. बायकोकडे एक केस मागितला. "एवढ्या वर्षांनी?" म्हणाली. काय करणार ते सांगितल्यावर तिने हसणं थांबवलं. म्हणाली, "सख्ख्या भावाला केस लावून पकडणार तुम्ही?" पण दिला. झाकण आणि पेटी यांच्या फटीवर तो आडवा ठेवून दोन्ही टोकांना डिंकाचा थेंब लावला. उद्या कळेलच.

सोमवार, १६

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी पोचलो तर दादा आधीच आलेला. कुलूप त्याने उघडलेलं. मी केस बघायच्या आधी मीटर बघितला, झाकणात काच बसवली आहे त्यातून दिसतो. ५९. डोकंच फिरलं. म्हटलं, "तुला सांगितलं होतं ना हात लावायचा नाही म्हणून? उद्या बाई येणार आहेत. माझं एक काम धड झालेलं बघवत नाही तुला. मी वेगळा होतोय हे कळलंय तुला, म्हणून हे. बाप गेला तेव्हापासून माझ्या प्रत्येक वस्तूत तुझं बोट!" आणखीही बोललो. ते लिहिण्यासारखं नाही.

दादा म्हणाला, "मी हात लावला नाही."

"मग आकडा का पडतोय?"

त्याचे ओठ हलले एवढंच. मग मी खाली वाकून फट पाहिली. केस होता तिथेच होता. दोन्ही टोकांना डिंक तसाच. दादानेही तो पाहिला. केस कशासाठी लावला हे समजायला त्याला एक क्षण लागला, आणि तो समजतानाचा त्याचा चेहरा मी पाहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. रंधा उचलून तो कामाला लागला. मी दिवसभर काही केलं नाही. माफी मागायला तीन वेळा उठलो आणि तीन वेळा पाणी पिऊन परत बसलो.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला वहिनी घरी आली. ती अशी न सांगता येत नाही. बायकोने चहा टाकला. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "भावजी, तुमचं दोघांचं काय असेल ते असो. पण माझ्या घराकडे बघा जरा. आठ दिवसांत यांनी घरातली सगळी दारं उतरवून पुन्हा बसवली. एक दार आवाज करत नाही आता, कोण आलं गेलं कळत नाही. सगळे खण तासले. काल पलंगाचे पाय काढले, चांगला पलंग होता. कारखान्यातून येतात ते थेट हत्यारं काढतात. मी म्हटलं, अहो, झालंय काय? तर म्हणतात, हात थांबत नाहीत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"आणि झोपेत बोलतात," वहिनी म्हणाली. "परवा एकदम ओरडले, 'थांब, ओलं आहे, ओलं आहे रे!' मी उठून दिवा लावला, मला वाटलं छत गळतंय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. सोमवार, नऊ तारीख. दमट साली टेबलाला चिकटत होत्या. मीच लिहून ठेवलं आहे वर. फुगलेलं लाकूड तासायचं नाही, सुकलं की ते आखडतं आणि मग तासलेली जागा रिकामी राहते. हे मला दादाने पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कुठल्याही सुताराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल.

मंगळवार, १७

बाई दुपारी येणार होत्या. मी सकाळी नऊलाच पेटी रिकामी केली, आत टॉर्च लावून ठेवला, झाकण बंद केलं, त्याच्या काचेवर काळं फडकं टाकलं आणि कारखान्याचं शटर आतून ओढलं. काळोख. दादा आपल्या टेबलापाशी होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

पेटीच्या मागच्या कडेला उजेडाची रेघ उभी होती. डाव्या कोपऱ्यापासून पार उजव्या बिजागरीपर्यंत. मधे जरा जाड. आम्ही दोघं ती बघत उभे राहिलो.

"ओलं असताना तासलं मी," मी म्हटलं.

"हो."

"आणि त्याच्याही आधी पुसलं."

"हो."

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मारलास तो पहिला हातच ऐकू आला. ओल्या लाकडाचा आवाज वेगळा असतो."

"मग बोलला का नाहीस? मी फट मोजावी म्हणून पट्ट्या ठेवत बसलास! दादा, मी हात लावू नको म्हटलं होतं, बोलू नको नव्हतं म्हटलं."

काळोखात त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो म्हणाला, "मला ते वेगवेगळं जमत नाही. बोलायला लागलो असतो तर रंधा हातात आला असता. तू म्हणालास हात लावू नको. तेवढं एक तरी मला तुझ्यासाठी नीट करायचं होतं."

मग मला रडू आलं. दादाने शटर वर केलं, कारण बाहेर कुणीतरी छत्रीच्या दांड्याने ते वाजवत होतं. डॉक्टरीणबाई, दोन तास आधी, हातात बिस्किटाचा डबा.

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं, हे इथे कबूल करतो. झाकणाखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी चिकटवली असती तर महिनाभर निभावलं असतं. पण दादा तिथे उभा होता, खिशात हात घालून. मी बाईंना सगळं सांगितलं, पुसल्यापासून. पेटी तयार नाही म्हटलं. अस्तर काढून नवं घालावं लागेल, परत मुरवावी लागेल.

बाईंनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. "पट्टी काढली म्हणून कबूल करणारे तुम्ही दुसरे पेशंट. पहिले माझे यजमान होते." मग डबा परत पिशवीत ठेवला. "चार तारखेला येते. माझ्या सिगार आणखी वाळतील, मीही वाळेन. पण त्या दिवशी 'तयार नाही' ऐकायला येणार नाही. त्या सहा जणांनाही तोपर्यंत थांबवते, पुढे नाही."

त्या गेल्यावर मी दादाला म्हटलं, "बघ ना एकदा. सांग कुठून काढू अस्तर."

तो आपल्या टेबलाकडे वळला. "नको. आता कुठे सवय लागतेय, मोडू नकोस."

गुरुवार, १९

जुनं अस्तर काढलं. पटाशी एकदा घसरली, अक्रोडाला ओरखडा. तो घालवण्यात अर्धा दिवस गेला. नवी सेडर कापून एकावर एक रचून ठेवली, कारखान्याच्या हवेची सवय व्हायला. दुपारी दादाने विचारलं, "चहा घेणार?" मी म्हटलं, "घेणार." एवढंच. पण दोन कप त्याच्या टेबलावर ठेवले आणि मला तिथे जावं लागलं.

शुक्रवार, २०

अस्तर बसवलं. कड किंचित सैल ठेवली, फुगायला जागा. किती सैल ते विचारायला जीभ वळवळत होती. विचारलं नाही. वाटी ठेवली, झाकण लावलं. ५०.

सोमवार, २३

५५. एकदाही उघडली नाही. काचेतून बघतो फक्त. बघणं मोजायचं ठरवलं होतं, दुपारपर्यंत चाळीस झाले, मग सोडलं.

शनिवार, २८

६३. पाणी घालायला एकदा उघडली, दहा मोजायच्या आत बंद.

वाट बघण्यासारखं कठीण काम नाही. हात नुसते शिवशिवतात. आज एक चांगली फळी कारण नसताना तासत बसलो, कागदाएवढी पातळ झाली तेव्हा भानावर आलो. समोर बघतो तर दादाच्या हातातही तशीच एक फळी. दोघंही एकदम हसलो. तीन महिन्यांनी हसलो असू. मग त्याने पेटीकडे मान केली आणि विचारलं, "किती?" मी म्हटलं, "त्रेसष्ट." त्याने मान हलवली. बरा आहे की कमी आहे, काही कळू दिलं नाही.

गाळेवाल्याने सोमवारपर्यंत मुदत दिली होती, बायकोने त्याला गोड बोलून पाच तारखेवर नेलं. कसं ते सांगत नाही.

बुधवार, १

६९. झाकण जरा जड जातंय, पण अडकत नाही. एक वेळ अशी आली की हात रंध्याकडे गेला होता. मी तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. खोटं वाटेल, पण अक्षरशः धरून ठेवला.

गुरुवार, २

७०.

शुक्रवार, ३

७०. सकाळीही, संध्याकाळीही.

शनिवार, ४

दुपारी पेटीत टॉर्च लावला, काचेवर फडकं टाकलं आणि शटर ओढलं. काळोख तो काळोखच राहिला. दादा आपल्या जागेवरून म्हणाला, "उघड आता, मला काम दिसत नाही."

बाई चारला आल्या. पेटीला हात लावण्याआधी त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. मग झाकण उचललं, सोडलं, आणि कान जवळ नेला. ते हळूहळू उतरलं आणि फुस्स करून बसलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा झाल्यावर डबा उघडून एकेक सिगार आत मांडायला लागल्या, बाळाला कपडे घालतात तशा सावकाश. चाळीसच्या चाळीस बसल्या.

"दोन्ही भावांचा हात दिसतोय," त्या म्हणाल्या. "इतका बारीक सांधा एकट्याने होत नाही."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी दादा बोलला. तो उभाच राहिला आपल्या टेबलामागे.

"नाही हां, बाई. मी याला बोटसुद्धा लावलेलं नाही. लाकूड निवडण्यापासून सगळं त्याचं आहे. चुकला तोही तोच आणि सुधारलं तेही त्यानेच."

मी त्याला ओळखतो. स्वतःच्या कामाबद्दलही तो कधी इतक्या ताठ मानेने बोललेला नाही. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सहा नावांचा कागद माझ्या हातात दिला. मी पेटी टॅक्सीपर्यंत नेऊन दिली.

तिथूनच गाळेवाल्याकडे गेलो आणि हो म्हणून सांगितलं. किल्ली घेतली. बायकोला फोन केला, ती इतकी ओरडली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग परत कारखान्यात आलो. दादा झाडून घेत होता. मी त्याला किल्ली दाखवली.

तो म्हणाला, "छान." झाडणं संपवलं, झाडू जागेवर ठेवला, आणि पाठ माझ्याकडे असताना विचारलं, "उजेड कुठून येतो तिथे?"

"मागे एक खिडकी आहे. बास."

"मग टेबल तू—" म्हणाला आणि थांबला.

मी वाट पाहिली. त्याने हत्यारं पुसायला घेतली. पटाशी पुसली, रंधा पुसला.

"टेबल काय, दादा?"

"काही नाही. तुझं तुला कळेल."

"सांग ना."

"नाही. बघ तू."

टेबल कुठे लावायचं हे मला माहीत आहे. उजेड डाव्या खांद्यावरून यायला हवा, नाहीतर हाताची सावली खुणेवर पडते. तरी मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी दारात बराच वेळ उभा राहिलो. तो बोलला नाही. मी मागितलं होतं तेच त्याने दिलं, आणि पुरतं दिलं, आणि आता ते परत घे म्हणून त्याला कसं सांगायचं ते मला समजत नाही.